घरात माणसं किती?

"घरात माणसं किती?" दुकानातल्या विक्रेत्याने विचारलं आणि ती म्हणाली, "एकच. मी एकटीच." म्हणाली कसली, तोंडातून निघून गेलं. शिंक यायची तरी आधी नाकाला कळतं. इथे तेवढीही सूचना नाही. विक्रेत्याने मान डोलावली. "मग प्रश्नच मिटला," म्हणत तो काउंटरवरचं कॉफीचं एक लहानसं काळं मशीन पुढे ओढू लागला, आणि तिच्या काळजात धस्स झालं. कारण सासूबाई मागेच उभ्या होत्या. फार तर दोन पावलांवर. खांद्याला जाडजूड पिशवी, चष्मा कपाळावर, नजर वरच्या फळीवरच्या किटल्यांकडे. नवरा घर सोडून गेल्यापासून ज्या बाईने तिची साथ सोडली नाही, त्या बाईला तिने भर दुकानात दोन शब्दांत घरातून वजा करून टाकलं होतं. वळून बघायची हिंमत होईना. मशीनच्या चकचकीत अंगात तिचा स्वतःचा चेहरा आडवा पसरलेला दिसत होता, आणि त्याच्या मागे सासूबाईंच्या निळ्या स्वेटरचा एक ठिपका. ठिपका हलत नव्हता.

ऐकलं असेल का? न ऐकायला काय झालं! सासूबाईंचे कान म्हणजे काही साधे कान नव्हेत. उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेला. कानांवर हेडफोन, समोर दिव्यांची पाटी, आणि अख्ख्या शहराची भांडणं, सोयरिकी आणि रडारड या कानातून त्या कानात. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी भिंतीपलीकडे शेजारी फोनवर कुजबुजला की त्या इकडे भाजी चिरता चिरता म्हणत, "थापा मारतोय मेला." अशा बाईला दोन पावलांवरचं ऐकू आलं नसेल, असं मानायचं तर बहिऱ्यांच्याच दुनियेत जायला हवं. पण दुकानात गाणी लावली होती. कोपऱ्यात कॉफीचे दाणे दळायचं यंत्र घरघरत होतं. आणि सासूबाई किटल्या बघत होत्या. किटली आवडली की त्यांना बाकी जगाचं भान राहत नाही, हेही खरं. या तीन गोष्टींना धरून ती उभी राहिली.

"एक पॉड, एक कप," कॉफीपूड भरलेली छोटीशी बंद डबी दाखवत विक्रेता सांगत होता. टक्कल पडू लागलेला, पोटावर ओळखपत्र लोंबणारा गृहस्थ. "हे वर उचलायचं, पॉड ठेवायचं, दाबायचं. भांडं नको, गाळणं नको, कुणाची वाट बघणं नको. जेव्हा ज्याला हवी तेव्हा त्याने घ्यावी." ती मान हलवत होती. हेच शब्द तिला लॅबच्या मालकाने सांगितले होते, जवळजवळ असेच. ती दातांच्या लॅबमध्ये काम करायची. डॉक्टर तोंडाचे साचे पाठवत, ती त्यावरून दात घडवायची. पोर्सेलीनचे थर चढवायचे, भट्टीत घालायचे, रंग जुळवायचे. दात पांढरा नसतो हे लोकांना ठाऊक नसतं. कडेला राखाडी, मुळाशी पिवळसर, टोकाशी जवळजवळ पारदर्शक. आणि कॉफी पिणाऱ्याचा तर ओळखूच येतो. मागच्या आठवड्यात तिने एका वकिलाच्या पुढच्याच दाताचा रंग चुकवला. आयुष्यात पहिल्यांदा. मालक रागावला नाही, काळजीत पडला. "तुम्ही झोपत नाही का हो?" त्याने विचारलं, आणि तिने हसत हसत सगळी हकिगत सांगितली. मालक हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला. "बाई," डोळे पुसत तो म्हणाला, "एकेका कपाचं मशीन घ्या आणि ज्याने त्याने आपापली पिऊन टाका." तो बोलला कॉफीबद्दल. तिच्या डोक्यात मात्र ते 'ज्याने त्याने' जाऊन बसलं, ते काही केल्या उठेना.

हकिगत अशी. सून दिवसभर मान मोडून काम करते, सकाळचा कप तरी तिला आयता मिळावा, म्हणून सासूबाई तिच्या आधी उठू लागल्या. म्हाताऱ्या माणसाने आपल्यासाठी थंडीत ओट्याशी उभं राहावं हे बरं दिसत नाही, म्हणून ती त्यांच्या आधी उठू लागली. त्यावर त्या आणखी आधी. त्यावर ती आणखी आधी. असं करता करता दोघी अशा वेळेला येऊन ठेपल्या, की पेपर टाकणारा आला की त्यांना दुपार झाल्यासारखी वाटायची. अंधारात पाय न वाजवता दोघी आपापल्या खोलीतून निघत आणि स्वयंपाकघराच्या दारात एकमेकींवर आदळत. "अगं, तू कशाला उठलीस?" "तुम्ही कशाला उठलात आई?" मग जी जिंकेल तिने करायची आणि जी हरेल तिने प्यायची. सासूबाईंची कॉफी म्हणजे उकळून उकळून जीव गेलेलं दूध, आणि साखर इतकी की चमचा उभा राहावा. ती ते घोट घोट गिळायची आणि म्हणायची, "तुमच्या हाताची चवच वेगळी." खोटं तरी कुठे होतं, वेगळी तर होतीच. तिची स्वतःची कॉफी काळीकुट्ट, बिनदुधाची. सासूबाई डोळे मिटून ती पीत आणि म्हणत, "छान झालीय हो." आणि मग दिवसभर एक लॅबमध्ये जांभया देई, एक घरात.

हसण्यासारखंच होतं सगळं. फक्त सांगून झाल्यावर, मालक आपल्या टेबलाकडे वळल्यावर, तिला हसू राहिलं नव्हतं. हातात वकिलाचा दात घेऊन ती बराच वेळ बसली होती. कॉफी नकोय मला, तिच्या मनात आलं होतं. मला सकाळी उठून स्वयंपाकघरात जायचंय आणि तिथे कुणीही नकोय. इतकं साधं वाक्य. पण ते मनात पूर्ण झालं आणि तिने घाईघाईने भट्टीचं दार उघडलं, जणू कुणी ऐकलं असतं.

कारण हे वाक्य बोलायला तिला तोंड नव्हतं. नवरा गेला त्या दुपारची गोष्ट. तो दुसऱ्या बाईबरोबर राहायला चालला होता. ते त्याने शांतपणे सांगितलं, पावसापाण्याचं सांगावं तसं, आणि बॅग उचलली. सासूबाई आतून आल्या. एकुलता एक मुलगा. त्यांनी त्याला अडवलं नाही. त्या म्हणाल्या, "तू चाललास तर जा. मी इथून हलणार नाही. मी हिच्याजवळ राहणार." दार लागल्यावर ती सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून जी रडली ती अंधार पडेपर्यंत, आणि रडता रडता म्हणाली, "आई, तुम्ही नका हं मला सोडून जाऊ." सासूबाईंनी तिच्या केसांवर हात ठेवला. "नाही जाणार. शब्द देते." झालं. त्या एका दुपारच्या दोन वाक्यांवर सहा वर्षं उभी राहिली. घटस्फोट झाला, दोघी या लहान तळमजल्याच्या घरात आल्या, आणि बघता बघता त्यांची जोडी प्रसिद्ध झाली. नातेवाईक येत ते बघायलाच येत. "पोटच्या पोराला सोडून सुनेकडे राहिली! अशी सासू मिळायला भाग्य लागतं." "आणि सून? सख्खी मुलगी करणार नाही एवढं करते." कौतुकाचं एक वाईट असतं, ते परत करता येत नाही. अंगठी घट्ट बसावी तसं ते बोटात रुतून बसतं, आणि लोक म्हणतात, किती शोभून दिसते.

आणि सासूबाई वाईट असत्या तर किती सोपं झालं असतं! खाष्ट असत्या, टोमणे मारत्या, भांडी आपटत्या, तर एक दिवस तोंड फिरवून मोकळी झाली असती ती. पण त्या चांगल्या होत्या. त्यांच्या चांगुलपणाला कुठे फटच नव्हती. त्यांचे दात गेले तेव्हा तिने स्वतः त्यांची कवळी बनवली. साचा तिच्या टेबलावर आला, पांढऱ्या प्लॅस्टरचा, आणि सासूबाईंच्या तोंडाची आतली बाजू तिने तळहातावर धरली. टाळूवरच्या सुरकुत्या, हिरड्यांची झिजलेली कडा. इतक्या जवळून त्यांना कुणीच पाहिलं नसेल, सासऱ्यांनीही नाही. सासूबाईंनी एकच मागणं मागितलं होतं, लाजत लाजत: तरुणपणी पुढच्या दोन दातांत फट होती, ती ठेवशील का? तिने ती केसभर फट ठेवली. कवळी बसवून सासूबाई आरशासमोर हसल्या आणि एकदम एक्स्चेंजमधली वीस वर्षांची पोरगी झाल्या. तेव्हापासून कुणी सासू-सुनांच्या भांडणाचा विषय काढला की त्या म्हणत, "माझ्या तोंडात दातच सुनेचे आहेत. मी तिला बोलणार कशी?" सगळे हसत. तीही हसे. पण रात्री उशीवर डोकं ठेवल्यावर तिला वाटे, जिचं तोंड आतून पाठ आहे अशा माणसापासून लांब जावंसं वाटणारी मी कोण? कुठल्या मातीची?

एकदा सासूबाई तीन दिवस त्यांच्या धाकट्या बहिणीकडे गेल्या होत्या. त्या तीन दिवसांची आठवण ती चोरून ठेवलेल्या खाऊसारखी अधूनमधून काढून बघायची. पहिल्या संध्याकाळी लॅबमधून घरी आली आणि दिवा न लावता स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसली. बस, इतकंच. कुणी विचारलं नाही, काय झालं, डोकं दुखतंय का, अंधारात का बसलीस. पुढच्या घरातल्या नळाची धार ऐकू येत होती, फ्रिज मध्येच हुंकार देई आणि गप्प होई. तिने उभ्या उभ्या पाव खाल्ला, ओट्यावरच. बशी घेतली नाही. आणि तिला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की तिची तिलाच भीती वाटली. चौथ्या दिवशी यायच्या त्या सासूबाई तिसऱ्याच दिवशी दारात उभ्या. "म्हटलं, तुला एकटं वाटत असेल." आणि ती म्हणाली, "हो ना, किती दिवस झाल्यासारखं वाटलं." स्वतःचा तो प्रेमळ आवाज तिला अजून ऐकू येतो. त्या आवाजाचा तिला राग येतो. आणि त्या आवाजाशिवाय आपण काय बोलणार होतो, हेही कळत नाही.

"घ्या मॅडम," विक्रेता म्हणाला. मशीनमधून वाफेचा फुस्स आवाज झाला होता, आत कुठेतरी वापरलेलं पॉड टपकन पडलं होतं, आणि बोटभर उंचीच्या कपात काळी कॉफी आली होती, वर तांबूस फेस. तिने कप धरला. बोटांना चटका बसला तो बरा वाटला. दुसरा कप विक्रेत्याने तिच्या खांद्यावरून मागे दिला. "आजी, तुम्हीपण घ्या."

"आजी कुणाला म्हणता हो?" सासूबाई पुढे आल्या. "तुमच्या डोक्यावर माझ्या निम्मेसुद्धा केस नाहीत."

विक्रेता खो खो हसला. सासूबाईही हसल्या. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिथे काही नव्हतं. नेहमीचाच चेहरा, नेहमीची फट. एक्स्चेंजच्या बायकांना चेहरा रिकामा ठेवायला शिकवतात का कोण जाणे. तिचा धीर सुटला. "म्हणजे तसं नाही," ती विक्रेत्याला म्हणाली, विनाकारण मोठ्याने. "आम्ही दोघी आहोत. मी आणि आई. एकत्रच राहतो. मी आपलं मघाशी... मला वाटलं तुम्ही काळी कॉफी पिणारी माणसं विचारताय."

"मी घरातली माणसं विचारली," विक्रेता भाबडेपणाने म्हणाला. कधी कधी प्रामाणिक माणसासारखा वैरी नाही.

"तेच ते. दोघी. तुमच्याकडे मोठं नाही का? दोघींचं?"

होतं. रुपेरी, रुंद, दोन तोट्यांचं. बाजूला दूध फेसायचा वेगळा पेला, मागे बादलीएवढी पाण्याची टाकी. एकाच वेळी दोन कप. फॅमिली मॉडेल. विक्रेत्याने ते दोन्ही हातांनी उचलून समोर ठेवलं तेव्हा काउंटर हादरला. ती त्याच्याकडे बघत राहिली. पुढची वीस वर्षं ओट्यावर असं बसणार होतं ते. दोन तोट्या, शेजारी शेजारी. तरी ती म्हणाली, "हेच द्या. हे छान आहे. बांधून द्या हेच." लवकर बांधून द्या, तिला म्हणायचं होतं, म्हणजे मघाचं ते वाक्य या खोक्यात जाईल आणि वरून चिकटपट्टी बसेल.

"थांब गं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, मोठ्या मशीनला वळसा घालून लहान काळ्यापाशी आल्या आणि चौकशी सुरू केली. वजन किती? एका हाताने उचलेल का? टाकी मागून काढावी लागते की वरून भरता येते? बटणात दिवा आहे का, कारण डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. आवाज किती होतो, भिंतीपलीकडे जातो का? बंद करायचं विसरलं तर? "आपोआप बंद होतं," विक्रेता म्हणाला. "आणि पाणीबिणी गळून खालच्या मजल्यावर जाणार नाही ना?" सासूबाईंनी विचारलं. ती ऐकत होती आणि तिला काही उमगत नव्हतं. त्या दोघी तळमजल्यावर राहत होत्या. खाली होती ती फक्त माती.

"हेच चांगलं आहे, छोटं," शेवटी सासूबाई म्हणाल्या. "दोन द्या."

"दोन?" विक्रेत्याने एकदा त्यांच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. "अहो, एका घरात दोन कशाला?"

"एका घरात कोण म्हणालं?"

विक्रेता तरबेज असावा. "मी खोकी घेऊन येतो," म्हणून तो आत गेला. खिडकीशी दोन उंच स्टुलं होती. सासूबाई त्यातल्या एकावर कशाबशा चढल्या; पाय लोंबकळत राहिले. ती दुसऱ्यावर बसली. बाहेर रस्त्यावरून माणसं जात होती, कुणी कुत्रा घेऊन, कुणी फोन कानाला लावून, आणि काचेमुळे कुणाचाच आवाज येत नव्हता.

"मघाशी एकटीच म्हणालीस ना तू?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, ते चुकून गेलं हो तोंडून. शपथ. माझ्या मनात—"

"चुकून गेलं म्हणून तर खरं. विचार केला असतास तर 'दोघी' म्हणाली असतीस."

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. थांबवायचा प्रयत्न केला तशी हुंदकाच फुटला. सासूबाईंनी पिशवीतून रुमाल काढून तिच्या हातात कोंबला. "रडू नको अशी. तो माणूस बाहेर येईल, त्याला वाटेल कॉफीच वाईट होती." मग त्या आपल्या कपात बघत म्हणाल्या, "मी ऐकलं, आणि मला काय वाटलं सांगू? राग आला नाही. वाईट पण वाटलं नाही गं. सुटले बाई एकदाची, असं वाटलं. इतकं वाटलं की त्या किटल्यांच्या फळीला धरून उभी राहिले."

तिला शब्द कळले, अर्थ लागायला वेळ लागला.

"ट्रंककॉल आहे ना माझी?" ट्रंककॉल म्हणजे सासूबाईंची एक्स्चेंजमधली मैत्रीण, आवाज असा, की तिला फोनची गरज नाही असं सगळे म्हणत. दर गुरुवारी सासूबाई तिच्याकडे जात; आजही इथूनच जायच्या होत्या. "तिची वरची खोली रिकामी झालीय. झाले की चार महिने. तिने केव्हाच चावी दिली मला. पेन्शन आहे माझी, खोली परवडते. पडदे लावलेत मी. पलंग घेतला. गुरुवारी काय करता म्हणून तू विचारायचीस, मी सांगायचे पत्ते खेळतो. पत्ते कसले, रंग देत होतो भिंतींना. दोघी म्हाताऱ्या, शिडीवर."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"काय तोंडाने सांगू? तू म्हणाली होतीस, नका जाऊ. मी शब्द दिला. पोटचा पोरगा बॅग उचलून गेला, त्याच दारातून मीपण जायचं? लोकांचं सोड, लोक बोलतात तेवढंच. तू मनात काय म्हणशील? हीपण तसलीच निघाली."

"अहो आई, मी त्या दिवशी म्हटलं होतं. त्या दिवशीपुरतं."

"मला काय ठाऊक ते कुठपर्यंत चालतं!"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. सहा वर्षं ही बाई अंधारात तिच्या आधी उठत होती. आणि ती समजत होती, की बांधलेली आपण एकटीच. "माझ्याकडे तुम्हाला काही कमी पडलं का?" तिने विचारलं, आणि विचारता विचारताच तिला तो जुना प्रेमळ आवाज ऐकू आला.

"कमी नाही गं, जास्त पडलं. मी शिंकले की तू औषध घेऊन हजर. जरा गप्प बसले की तू विचारणार, कसला विचार करताय. विचार काय करतेय? काही नाही! माणसाला कधी काही नाहीसुद्धा करावंसं वाटतं की नाही? मला रेडिओ मोठ्याने लावून भांडी घासायची असतात. तू दमून आलेली, म्हणून मी लावत नाही."

"मला आवडतो तुमचा रेडिओ."

"बघ. झाली परत सुरू." सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. आपण दोघी भिकेला लागलो या भिडेपायी. ती तुझी कॉफी, अगं ती कॉफी आहे की डांबर? रस्ते होतील तिच्यात."

"आणि तुमची? माझ्या दाढा ठणकतात त्या साखरेने. मी दातांचं काम करते हो, आई, मला दिसतं आत काय चाललंय ते!"

सासूबाईंना हसू फुटलं. तोंडावर हात धरून, स्टुलावर गदागदा हलत त्या हसायला लागल्या, आणि ती रडता रडता हसायला लागली, आणि खोकी घेऊन आलेला विक्रेता दारातच थबकला. काय काय वाटलं तिला त्या घटकेला! जीव भांड्यात पडला हे तर झालंच. इतका धाडकन पडला की आवाज आला असता. पण त्याच्या तळाशी एक बारीक कळही होती. म्हणजे आपणही कुणाला तरी नकोशा झालो होतो. आपल्या पाठीमागे कुणीतरी शिडीवर चढून भिंती रंगवत होतं, आपल्यावाचूनच्या घराच्या. तिने ती कळ जिभेने दात चाचपावा तशी चाचपून पाहिली. दुखत होती थोडी. पण दुखण्यासारखं दुखत होती, घाण वाटत नव्हती. नकोसं असणं इतकं हलकं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. दोघींनाही एकमेकींपासून सुटायचं होतं, तर मग कुणीच कुणाला टाकलं नव्हतं. तिने रुमालात नाक शिंकरलं आणि विक्रेत्याला सांगितलं, ते रुपेरी परत ठेवून द्या.

"चल, दाखवते," बाहेर आल्यावर सासूबाई म्हणाल्या. एक खोकं त्यांच्या बगलेत, एक तिच्या. चौक ओलांडून, शिंप्याच्या दुकानावरून, डावीकडच्या गल्लीत. सासूबाई पुढे चालल्या होत्या. इतक्या भरभर चालताना तिने त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. घरी तर त्या भिंतीला धरून चालत. की ती जवळ असली तरच तसं चालत? गल्लीच्या तोंडाशीच वरून आवाज आला, "सांगितलंस का गं शेवटी?" खिडकीत ट्रंककॉल होती. "सांगितलं!" सासूबाई ओरडल्या. "ओरडली का?" "नाही, रडली!" "बरं झालं!" गल्लीतल्या दोन-तीन माणसांनी माना वर केल्या. तिला लाज वाटायला हवी होती, वाटली नाही.

जिना अरुंद होता. खोली लहान, भिंती फिकट पिवळ्या, एका कोपऱ्यात रंगाचा हात जरा चुकलेला. पलंग, खिडकी, खिडकीखाली टेबल, टेबलाशी एक खुर्ची. सासूबाईंनी खोकं उघडलं, मशीन टेबलावर ठेवलं, तारेची पिन भिंतीत बसवली, पाणी भरलं. सगळं एका हाताने, विक्रेत्याला विचारून घेतलं होतं तस्सं. कप एकच होता. कॉफी झाली तशी त्यांनी तीन चमचे साखर घातली, ट्रंककॉलकडचं दूध ओतलं, आणि खुर्चीत बसून स्वतःच प्यायल्या. "तू बस ना पलंगावर," त्या म्हणाल्या. ती बसली. पडदा एका बाजूने वर गेला होता; सवयीने तिचा हात पुढे झाला.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "माझं मी करीन."

तिने हात मागे घेतला. सासूबाईंनी पिशवी पुढे ओढली आणि एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली: गाऊन, औषधांची पट्टी, टॉवेल, दुसरा चष्मा. दर गुरुवारी त्या हे सगळं बरोबर घेऊन निघत आणि संध्याकाळी सगळं तसंच परत आणत. "म्हटलं, झालाच एखाद दिवस धीर, तर हाताशी असावं," त्यांनी सांगितलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आज इथेच राहते. बघते झोप लागते का. बाकीचं सामान रविवारी आणू."

ती उठली. दारात बूट घालताना तिला आठवत होतं, असं जाताना काहीतरी म्हणायची पद्धत असते. काळजी घ्या, दार नीट लावा, काही लागलं तर सांगा. एकही वाक्य तोंडात येईना. तिने आपलं खोकं उचललं. सासूबाई दारापर्यंत आल्या, तिच्या गालावरून हात फिरवला, त्या दुपारी केसांवर ठेवला होता त्याच्याहून हळू, आणि दार अर्धं लोटल्यावर काहीतरी आठवून पुन्हा उघडलं.

"आणि हे बघ," त्या म्हणाल्या, "येताना फोन करून येत जा. मी घरी असेनच असं नाही."